विकत घेतलं, पण आपलं झालं नाही : सॉफ्टवेअरच्या कुलपाची पन्नास वर्षं

एक प्रश्न मला वर्षातून दोनतीनदा तरी ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा फोटो स्टुडिओवाला, डीटीपीवाला, नाहीतर सीएच्या ऑफिसातला कोणीतरी असतो. "अहो, पैसे भरलेत, बिल आहे, तरी हे म्हणतंय दोनच मशीनवर चालेल. तिसऱ्यावर टाकलं की पहिल्यावरचं बंद. मग मी विकत नेमकं घेतलं तरी काय?"

काहीच नाही. वापरायची परवानगी घेतलीत, तीही अटींवर. पण हे असं का झालं आणि कधीपासून झालं, याची गोष्ट मजेशीर आहे. आणि आता तर ती फक्त डीटीपीवाल्याची राहिलेली नाही, म्हणून जरा लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

मुळात सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तू आहे, हे १९६९ पर्यंत फारसं कोणाच्या डोक्यात नव्हतं. आयबीएम मोठी मशीनं बहुतेक भाड्याने द्यायची आणि प्रोग्रॅम त्यासोबत यायचे, बैलगाडीसोबत जू यावं तसे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने मक्तेदारीच्या कायद्याखाली आयबीएमवर खटला भरला. त्याच वर्षी जूनमध्ये आयबीएमने जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांनाही सॉफ्टवेअर विकायला रान मोकळं झालं. आपला आजचा सगळा आयटी धंदा, पुण्याच्या हिंजवडीपासून पुढे सगळा, त्या निर्णयाचं नातवंड आहे म्हटलं तरी चालेल.

मग आलं १९७५. अल्टेअर ८८०० नावाचा, घरी स्वतः जोडायचा कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच्यासाठी बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ या तिघांनी बेसिक ही भाषा लिहिली. ती कागदी पट्टीवर भोकं पाडून मिळायची. कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब म्हणून हौशी लोकांचा अड्डा होता. तिथे एकाच्या हाती ती पट्टी लागली, त्याने तिच्या प्रती काढल्या आणि वाटल्या. नेणाऱ्याने पुढच्या वेळी स्वतः आणखी प्रती काढून आणायच्या, असा रिवाज. थोडक्यात, आपल्याकडे कॅसेटी फिरायच्या तसंच.

३ फेब्रुवारी १९७६ ला विशीतल्या गेट्सने या हौशी लोकांना जाहीर पत्र लिहिलं. त्याचा हिशोब असा: बेसिक तयार करायला वापरलेल्या कॉम्प्युटर-वेळेची किंमतच ४० हजार डॉलरच्या वर जाते, अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, आणि मिळालेली रॉयल्टी आमच्या कष्टाच्या तासांत वाटली तर तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. तुमच्यातले बहुतेक जण चोर आहात, हे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर, त्या पोराचं म्हणणं चूक नव्हतं. प्रोग्रॅम लिहिणं हे काम आहे आणि कामाचा दाम मिळाला पाहिजे. फक्त एक गंमत सांगतो. ज्या कॉम्प्युटर-वेळेचा तो हिशोब मांडत होता, त्यातली बरीचशी हार्वर्ड विद्यापीठाच्या मशीनवरची होती, आणि विद्यापीठाला नंतर ते फारसं रुचलं नव्हतं. असो. त्याच वर्षी ली-चेन वांग नावाच्या प्रोग्रॅमरने 'टायनी बेसिक'ची आपली आवृत्ती छापायला दिली आणि वर लिहिलं, 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड'. सगळे हक्क राखून ठेवायच्या जागी सगळ्या चुका राखून ठेवल्या. म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच वर्षी उभ्या राहिल्या होत्या.

पत्र लिहून चोरी थांबत नाही हे कळल्यावर कुलपं आली. ऐंशीच्या दशकात लोटस १-२-३ चालवायला मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असावी लागायची. फ्लॉपी खराब झाली की पैसे भरलेला माणूस अडकायचा, आणि ज्याने कुलूप तोडलेली प्रत मिळवली तो आरामात बसायचा. ऑफिसांनी एवढी बोंब मारली की १९८६ मध्ये लोटसने ते कुलूप काढायचं ठरवलं. हे पुढे पुन्हापुन्हा दिसेल: कुलपाचा त्रास चोराला एकदाच होतो, गिऱ्हाइकाला रोज.

त्याच १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी, बासित आणि अमजद फारूक अल्वी यांनी, 'ब्रेन' लिहिला. पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस म्हणतात तो हाच. का लिहिला? तर त्यांच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या कोणी चोरून प्रती काढत होतं, त्यांना धडा शिकवायला, असं ते सांगतात. व्हायरसमध्ये चक्क स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर टाकले होते! जगभरच्या फ्लॉप्यांवर लाहोरचा पत्ता फिरला. म्हणजे पुढे ज्या व्हायरसवर पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातला हा आद्य नमुना चोरी अडवायच्या नादात जन्मलेला. आणि तालुक्याच्या गावातल्या माणसाने 'दर वर्षी पैसे भरायचे' या पद्धतीचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा घेतलं ते अँटिव्हायरसच. खोक्यावर लिहिलेलं असायचं, एक पीसी, एक वर्ष.

आता आपल्या घरात येऊ. नव्वदच्या दशकात ज्यांनी मराठी डीटीपी केलं त्यांना 'लॉक' हा शब्द वेगळा सांगायला नको. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची जी रुंद खाच असायची, तिथे काड्यापेटीएवढा एक तुकडा लावायचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, तो तुकडा असेल तर मराठी टाइप होणार, नसेल तर नाही. पुस्तकी शब्द डोंगल, आपण लॉक म्हणायचो. आमच्या तालुक्याच्या गावी एका प्रेसचे मालक रात्री जाताना गल्ल्यातली रोकड आणि लॉक, दोन्ही एकाच पिशवीत घालून घरी न्यायचे. बरोबरच होतं त्यांचं. कॉम्प्युटर गेला तर दुसरा मिळेल, लॉक गेलं तर सॉफ्टवेअर नव्याने विकत घ्या म्हणायचे. एका मशीनवर दोन ऑपरेटर पाळीने बसायचे ते काही हौस म्हणून नव्हे, लॉक एकच होतं म्हणून.

त्या कंपन्यांनी लॉक लावलं यात मला काही वावगं वाटत नाही. मराठीचा बाजार केवढा? त्यात एकाने घ्यायचं आणि चाळीस जणांनी वापरायचं ठरवलं तर फॉन्ट काढणारा जगणार कसा? पण खरं कुलूप त्या काड्यापेटीत नव्हतंच. ते फॉन्टच्या आत होतं. प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले आकडे दिले होते. एकीच्या फॉन्टमध्ये 'क' जिथे, तिथे दुसरीच्या फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी. त्यामुळे तुम्ही दहा वर्षं टाइप केलेला मजकूर त्या एका कंपनीच्या फॉन्टशिवाय वाचताच येत नव्हता. फाइल तुमची, मजकूर तुमचा, भाषा तुमच्या आईची, पण किल्ली दुसऱ्याकडे.

याची किंमत आपण अजून मोजतोय. गावोगावची साप्ताहिकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, गॅझेटियरच्या तोडीची स्थानिक इतिहासाची पुस्तकं, हे सगळं पेजमेकरच्या फाइलींमध्ये पडून आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. ॲडोबीने पुढे त्याचं काम थांबवलं. आजच्या मशीनवर ते नीट चालवायचं म्हणजे जुनं विंडोज जपून ठेवायचं. युनिकोड आलं म्हणून आज तुम्ही-मी फोनवर मराठी लिहितोय, मागचा मजकूर मात्र बराचसा त्या कुलपातच राहिला. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं तपासायला माणूस बसवावा लागतो. त्या माणसाचा पगार कोण देणार?

लॉक न परवडणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड होता. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते टपालापुरतं. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने जगातल्या बदनाम बाजारांची यादी केली, त्यात आपला लॅमिंग्टन रोडही झळकला. शंभर रुपयांच्या सीडीत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरलड्रॉ, आणि वर एका टेक्स्ट फाइलमध्ये सीरियल नंबर. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्या सीडीवर शिकली, हे सभ्यपणाने कोणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतो. गावोगाव एमएस-सीआयटीचे क्लास निघाले, पोरांना विंडोज आणि ऑफिस शिकवलं. क्लास सुटल्यावर घरी सराव कशावर केला त्या पोरांनी? मूळ परवाना विकत घेऊन?

कायदा काय म्हणत होता तेही बघू, कारण याबाबत फार अर्धवट माहिती फिरते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीत जागा मिळाली. म्हणजे कायद्याच्या नजरेत विंडोज आणि कादंबरी एकाच फळीवर! १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आलं: चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत फक्त दंड करू शकतं. हे 'धंद्यासाठी नसेल तर' लोकांना माहीतच नसतं. त्याच कायद्याने कायदेशीर प्रत असलेल्याला सुरक्षेसाठी जादा प्रत काढायची मुभाही दिली आहे, तीही माहीत नसते. नव्वदच्या दशकात डीटीपीच्या दुकानांत 'छापा येतोय' अशी आवई उठली की शटर खाली. छापा क्वचितच यायचा, पण भीती मात्र नेमाने यायची.

छापे घालून घरोघरच्या मशीनपर्यंत पोचता येत नाही, हे कंपन्यांनाही कळत होतं. मग पोलिसाचं काम मशीनलाच दिलं. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि सोबत ॲक्टिव्हेशन आलं. मशीनच्या आतल्या भागांवरून एक आकडा बनवायचा, तो कंपनीकडे नोंदवायचा, ३० दिवसांत हे केलं नाही तर दार बंद. बरेच भाग बदलले तर पुन्हा फोन करा आणि लांबलचक आकडे वाचून दाखवा. २००५ पासून 'जेन्युइन' तपासणी आली. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचीच गडबड झाली आणि हजारो खऱ्या गिऱ्हाइकांना काही तास 'तुमची प्रत खोटी' असं सांगण्यात आलं. २००८ मध्ये खोट्या प्रतींचा डेस्कटॉप तासातासाने काळा होऊ लागला. चीनमध्ये त्यावरून मोठी ओरड झाली.

याच काळातली एक वस्तू मला विसरता येत नाही. विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन. भारतासारख्या देशांसाठी स्वस्तातली, २००५ मध्ये आपल्याकडे हिंदीत आली. एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे, चौथा उघडायला गेलं की नकार. मशीनची ताकद होती, प्रोग्रॅममध्येही ती होती. मुद्दाम पायाला दोरी बांधून विकलेली म्हैस ती! लॅमिंग्टन रोडच्या शंभर रुपयांच्या सीडीला दोरी नव्हती. मग लोकांनी काय घेतलं असेल, सांगायला हवं का?

आणि कंपन्यांना हे सगळं नको होतं असंही समजू नका. १९९८ मध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलताना खुद्द गेट्स चीनबद्दल अशा अर्थाचं म्हणाला होता की चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, सवय लागेल, पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहा वर्षांत बघू. १९७६ चं पत्र आणि १९९८ चं हे वाक्य शेजारी ठेवून वाचा.

सवय लागली. वसुलीची युक्तीही सापडली, आणि ती कुलपाची नव्हती, भाड्याची होती. मे २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट ६ ही कायमच्या विक्रीची शेवटची मालिका. इथून पुढे फोटोशॉप, इनडिझाइन सगळं महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर. दोन मशीनवर टाका, पण एका वेळी एकावरच चालवा, आणि मधूनमधून इंटरनेटवर येऊन हजेरी लावा. २०१६ मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने तोच रस्ता धरला. टॅलीत निदान कायमचा परवाना टिकला: सिल्व्हर एका मशीनला, गोल्ड ऑफिसच्या अख्ख्या नेटवर्कला. पण २०१७ ला जीएसटी आला, नवी आवृत्ती घेतल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही, आणि वर्षानुवर्षं चोरीच्या टॅलीवर हिशोब लिहिणारे कित्येक व्यापारी मुकाट्याने परवाना घेऊन आले. जे छाप्यांनी झालं नाही ते करप्रणालीने केलं.

'विकलं की भाड्याने दिलं' हा वाद न्यायालयांतही गेला आणि उत्तरं बघा कशी आली. अमेरिकेत २०१० मध्ये ऑटोकॅडची जुनी प्रत पुढे विकणाऱ्याला सांगितलं गेलं की तू मालक नव्हेस, परवानाधारक आहेस. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलच्या प्रकरणात उलट सांगितलं: कायमचा परवाना एकरकमी पैशाला दिला म्हणजे विक्रीच झाली, पुढे विकता येईल. आपल्याकडे २००४ मध्ये टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तयार सॉफ्टवेअर हा माल आहे, त्यावर विक्रीकर लागेल. मार्च २०२१ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे कॉपीराइटची रॉयल्टी धरायचे का. न्यायालय म्हणालं, नाही, प्रत घेतली म्हणून कॉपीराइट घेतला असं होत नाही. कायद्याने ते बरोबरच आहे. पण सामान्य माणसाच्या बाजूने बघा: करवाल्यासमोर तो माल, आणि गिऱ्हाइकासमोर तीच नुसती परवानगी.

भाडेकरू आणि मालक यांतला फरक भाडं भरताना कळत नाही, घर रिकामं करायची नोटीस आल्यावर कळतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने व्हेनेझुएलावर निर्बंध घातले म्हणून ॲडोबीने तिथल्या सगळ्यांची खाती बंद करायचं जाहीर केलं. आधी तर पैसेही परत मिळणार नाहीत म्हणाले. महिन्याअखेर सरकारकडून मुभा मिळाली आणि निर्णय मागे घेतला. तेव्हा आपण म्हणालो, व्हेनेझुएला लांब आहे.

जुलै २०२५ मध्ये ते मुंबईत आलं. नायरा एनर्जी ही कंपनी, तिचा वाडिनारचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत, पेट्रोलपंप देशभर. रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात मोठा हिस्सा. १८ जुलैला युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केले आणि चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. ईमेल, टीम्स, स्वतःचा डेटा, सगळं अडकलं. लक्षात घ्या, निर्बंध भारताचे नव्हते. अमेरिकेचेही नव्हते. परवाना रीतसर होता, पैसे भरलेले होते. चोरीचा तर प्रश्नच नव्हता. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाल्या. एवढी मोठी कंपनी, दिल्लीत वकील उभा करू शकणारी, म्हणून आठवड्याभरात निभावलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय आयटी मंत्र्यांनी आपण झोहोवर गेल्याचं जाहीर केलं. चांगलं आहे, पण झोहोही वर्गणीच आहे. घरमालक मद्रासचा असला म्हणून आपण मालक होत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी प्रश्न होता की गिऱ्हाईक चोर आहे का. तो प्रश्न वर्गणीने जवळपास निकालात काढला, पण निकालात काढताना तुमचं काम, तुमची फाइल आणि तुमचं कुलूप तिन्ही एकाच खोलीत ठेवली, आणि खोली त्यांची.

आता हे आपल्या गावाशी कुठे येऊन भिडतं ते सांगतो. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूच्या नोंदी, बांधकाम परवाने, सगळं कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरवर गेलंय. नगरपालिका निविदा काढते, पाच वर्षांचा करार होतो, दर वर्षी देखभालीचे पैसे जातात. सभागृहात चर्चा होते ती किती लाखांचं काम कोणाला गेलं याची. करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळणार, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार की नाही, वर्गणी थकली तर नागरिकाला आपला दाखला बघता येणार की नाही, किती कर्मचाऱ्यांना एका वेळी लॉगिन मिळतं आणि त्यापायी खिडकीवरची रांग लांबते का, यावर मी आजवर एकाही नगरसेवकाला बोलताना ऐकलेलं नाही. कोणत्याही पक्षाच्या.

याच प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी आमच्या नगरपालिकेत देतोय. करारातलं नोंदी परत देण्याबद्दलचं कलम जसंच्या तसं मागितलंय, आणि लॉगिनची संख्याही. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथेच टाकतो. नाही आलं तर अपिलाची प्रत टाकतो. तुमच्या गावात कोणाला असाच अर्ज करायचा असेल तर मसुदा मागा, पाठवतो. मराठीत आहे आणि युनिकोडमध्ये आहे, कोणत्याही फोनवर उघडेल.